जाळीच्या शालीला आधाराचा दोरा

जाळीच्या विणीत एक टाका सुटला की खालच्या ओळीही ओघळतात, आणि ती जाळी परत उचलणं महाकठीण. मालवणात पावसाळ्यात संध्याकाळी लाइट गेली की माझा टाका हमखास सुटायचा.

आता नक्षीची एक आवृत्ती पूर्ण झाली की नुसत्या उलट टाक्यांच्या ओळीनंतर थांबते. बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून विणायच्या सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून नेते, दोन्ही टोकांना वीतभर मोकळा सोडते. टाके मोजते आणि पुढे विणते. चुकलं तर सुई काढून दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवायचं. टाके दोऱ्यावर थांबतात, तिथूनच सुई परत घालायची.

जागा लक्षात राहावी म्हणून सुईवर टाक्यांच्या मध्ये घातलेल्या खुणेच्या कड्यांतून मात्र दोरा नेऊ नका, कडी तिथेच अडकून बसते.