पोलीस भरतीची १६०० मीटर धाव आणि पोटातलं इंधन

जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर पहाटे धावणारी काही पोरं हल्ली भाकरी-भात सोडून नुसतं तूप, अंडी, पनीर खाताना दिसतात. भरतीच्या तोंडावर हे करू नका. जोरात पळताना स्नायू मुख्यतः साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन वापरतात. चरबी जाळायला तेवढ्याच ऊर्जेसाठी जास्त ऑक्सिजन लागतो, आणि शेवटच्या फेरीत कमी पडतो तो नेमका ऑक्सिजनच! ऑस्ट्रेलियात क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांनी अव्वल चालपटूंवर, म्हणजे वेगाने चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंवर, तीन आठवडे प्रयोग केला; तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. चरबीयुक्त आहार घेणाऱ्यांचं शरीर चरबी जास्त जाळू लागलं, पण १० किलोमीटरची वेळ काही सुधारली नाही. कर्बोदकं खाणाऱ्यांची सुधारली.

आदल्या रात्री कळण्याची भाकरी, साधं वरण, भात पोटभर खा. तर्रीची शेवभाजी आणि तेलात न्हालेलं भरीत त्या रात्री नकोच. तेल पोटात रेंगाळतं. सकाळी धावण्याआधी तासभर एक-दोन केळी. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि केळी तर आपल्या रावेर-यावलचीच. मात्र हा बेत आधी सरावाच्या दिवशी करून बघा.