जड सेलिंग कयाकसाठी ट्रॉली घेताय किंवा बनवताय? या चुका टाळा

साध्या कयाकची (लांब, अरुंद वल्ह्याची होडी) ट्रॉली, म्हणजे होडी पाण्यापर्यंत न्यायची दोन चाकांची गाडी, सेलिंग कयाकला, म्हणजे शिडाच्या कयाकला, चालेल असं मलाही वाटलं होतं, आणि तिसऱ्याच फेरीत एक्सल (चाकं जोडणारी दांडी) वाकला, चाकं आतल्या बाजूला कलली आणि उरलेलं अंतर दोघांनी ती होडी अक्षरशः ओढत नेली. तेव्हापासून मी दोन ट्रॉल्या बनवल्या आणि एक विकत घेतली. आता कोणी ट्रॉलीबद्दल विचारलं की मी आधी एकच सांगतो, ट्रॉली नंतर बघा, आधी वजन मोजा.

कारण पहिली चूक तिथेच होते. माणूस कॅटलॉगमधलं नुसत्या हलचं (होडीच्या मुख्य अंगाचं) वजन बघतो आणि त्या हिशोबाने ट्रॉली घेतो. पण किनाऱ्यावर आपण नुसती हल नेतच नाही ना, मास्ट (शिडाचा खांब) असतो, शीड असतं, बाजूचे फ्लोट आणि त्यांच्या आडव्या दांड्या, पेडल ड्राइव्ह, नांगर, पाणी, डबा, सगळं त्यातच टाकतो. होबी कंपनीची टँडम आयलंड ही सेलिंग कयाक घ्या, साडेअठरा फूट लांब आणि मास्ट-शीड-फ्लोट सगळं लावलं की 100 किलोच्या वर जाते, सामान वेगळंच. आणि ट्रॉलीवर लिहिलेली क्षमता ही सपाट जमिनीवर शांत उभ्या असलेल्या वजनाची समजायची. एक चाक खड्ड्यात आपटलं की त्या क्षणी त्याच्यावर दुप्पट-तिप्पट भार येतो. म्हणून मी भरलेल्या वजनाच्या निदान दीडपट क्षमता धरतो, खडकाळ रस्ता असेल तर दुप्पट.

चाकं, इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

लोक विचारतात "हे चाक किती किलो घेईल?" पण वाळूवर खरा प्रश्न असतो की चाक किती जागेवर टेकतं. हवेच्या मऊ चाकाचा जमिनीवरचा दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. आता हिशोब करा, 100 किलोची होडी, म्हणजे प्रत्येक चाकावर 50 किलो. सायकलसारख्या अरुंद टायरमधे 40 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असेल तर तो जेमतेम 18 चौरस सेंटीमीटरवर टेकतो, म्हणजे काडेपेटीएवढ्या जागेवर, मग तो रुतणारच. तेच बलून चाकात (रुंद, मऊ, फुग्यासारखं चाक) 2 पीएसआय हवा ठेवली तर साधारण 350 चौरस सेंटीमीटर, ए4 कागदाच्या अर्ध्याहून जास्त जागा मिळते. मऊ कोरड्या वाळूत एवढा फरक पडतो की एकट्याने जमेल की चौघं लागतील हे त्यावर ठरतं.

पण बलून चाकं घेऊनही लोक ती दगडासारखी टणक फुगवतात आणि मग म्हणतात महाग चाकं घेऊनही रुततंय! अंगठ्याने दाबल्यावर नीट आत जायला हवं. शिवाय सकाळी गारव्यात भरलेली हवा दुपारच्या उन्हात फुगते, ते वेगळं. फुगवायला पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर वापरू नका, छोटा हातपंप आणि कमी दाब दाखवणारा गेज पुरतो.

तुमचा रस्ता डांबरी, फरशीचा किंवा घट्ट मातीचा असेल तर मात्र बलूनची गरजच नाही, मोठ्या व्यासाची भरीव फोमची चाकं घ्या, पंक्चरची चिंता संपते. व्यास मात्र मोठाच हवा, छोटं चाक प्रत्येक दगडाला अडतं.

स्कपर होलमधे दांडे घालणारी ट्रॉली

स्कपर होल म्हणजे होडीतलं पाणी खाली निघून जायला ठेवलेली आरपार भोकं. ही ट्रॉली दिसायला सुटसुटीत, पट्टे नकोत, काही नको. हलक्या होडीला छान आहे. पण जड होडीचं सगळं वजन ट्रॉली त्या भोकांच्या कडांवर घेत असेल तर प्लॅस्टिकला चिरा जातात, आणि त्या अशा जागी जातात की पाणी हलच्या आत शिरतं आणि बाहेरून पटकन दिसतही नाही. होडी चालवून आल्यावर ड्रेन प्लग (हलच्या आतलं पाणी काढायचं बूच) उघडल्यावर नेहमीपेक्षा जास्त पाणी निघायला लागलं तर आधी स्कपर होल तपासा. दांडे भोकात फक्त जागेवर धरायला असावेत, वजन मात्र हलच्या तळाने आडव्या पट्टीवर किंवा पाळण्यावर (हल ज्यात बसते त्या आधारावर) घ्यायला हवं. आणि सगळ्या स्कपर होलना तेवढी ताकद नसते, कंपनीने ट्रॉलीसाठी म्हणून जी भोकं सांगितलीत तीच वापरा.

पाळण्याची ट्रॉली असेल तर आधार रुंद आणि फोम लावलेला हवा. पॉलिइथिलीनची हल उन्हात मऊ होते, अरुंद पाइपवर दिवसभर ठेवली की खड्डा पडतो. (पडलाच तर घाबरू नका, आधार काढून उन्हात ठेवली तर बऱ्याचदा बराचसा भरून येतो.) रॅचेटचे (दातेरी चाकाने आवळायचे) पट्टे पण नकोत, जोर कळत नाही आणि हल दबते, कॅम बकलचे (नुसते हाताने ओढून आवळायचे) पट्टे बास. एक पट्टा ट्रॉलीपासून पुढच्या बाजूला कुठेतरी बांधाच, नाहीतर चाक अडकलं की होडी पुढे येते आणि ट्रॉली मागे राहते.

घरी बनवताना

पीव्हीसी पाइपची ट्रॉली स्वस्तात होते पण 100 किलोला नुसतं पीव्हीसी उन्हात वाकतं, आत अॅल्युमिनियमचा पाइप किंवा लाकूड घालाच. एक्सलमधे कंजुषी नको. भरीव सळईची वाकायला विरोध करायची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे 20 मिलीमीटरच्या जागी 25 घेतली की ताकद जवळजवळ दुप्पट. आणि चाक आधारापासून जितकं लांब बाहेर तितका एक्सलवर ताण जास्त, माझा पहिला एक्सल याच कारणाने वाकला, सळई वाईट नव्हती. पण चाकं फार जवळही घेऊ नका, फ्लोट आणि मास्ट वर लादलेली होडी वळणावर उलटते, त्यामुळे रुंदी ठेवायचीच असेल तर आधारच बाहेर सरकवा.

समुद्राच्या पाण्यात साधे बॉल बेअरिंग गंजून जाम होतात, त्यापेक्षा अॅसिटल या कडक प्लॅस्टिकचे बुश (एक्सलवर बसणाऱ्या छोट्या नळ्या) बरे. नायलॉन पाणी पिऊन फुगतं, तंग बसवलेला बुश एक्सलला धरून बसतो. अॅल्युमिनियममधे स्टीलचे बोल्ट असतील तर मधे प्लॅस्टिकचा वॉशर किंवा ग्रीस हवंच, नाहीतर खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

होडी हाताला जड लागतेय?

मग ट्रॉली चुकीच्या जागी आहे. 100 किलोची होडी, एक्सल तोलाच्या मध्यापासून 30 सेंटीमीटर मागे, आणि तुम्ही एक्सलपासून अडीच मीटर पुढे धरलंय, तर हातात 12 किलो येतात. तेवढे ठीक आहेत. एक्सल 60 सेंटीमीटर मागे गेला की 24, आणि पाठ बोलायला लागते. अगदी शून्यावर पण आणू नका, मग पुढचं टोक वर-खाली नाचतं. सगळं सामान भरूनच तोल बघा आणि सापडलेली जागा हलवर टेपने खूण करून ठेवा.

चढवताना होडी पूर्ण उचलायची नाही, एकावेळी एकच टोक उचला आणि ट्रॉली खाली सरकवा. पाण्यात तरंगत्या होडीखाली ट्रॉली घालायला गेलात तर बलून चाकं स्वतःच वर उसळतात, ते एकट्याने फार अवघड जातं, त्यापेक्षा गुडघ्याखालच्या पाण्यात टोक टेकवून घाला.

उतारावर होडीच्या पुढे उभं राहू नका. दहा टक्के उताराला 100 किलोची होडी 10 किलोने खाली ओढते, एकदा वेग घेतला की थांबत नाही, मागून दोरी धरून सोडा. आणि मास्ट उभा करून ट्रॉली कधीच ओढू नका, अॅल्युमिनियम आणि कार्बन दोन्हीतून वीज वाहते, आणि रॅम्पच्या (होडी पाण्यात उतरवायच्या उताराच्या) आसपास वरून तारा गेलेल्या असू शकतात. मास्ट पाण्याजवळ पोचल्यावर, वर बघूनच उभा करा.