कैरी आणि ऊन: चैत्र-वैशाखातली वर्षाची बेगमी

पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवली की तिचा कडुनिंबाचा डहाळा टाकू नका. आमच्या घरी बेगमीला सुरुवात तिथूनच होते. डहाळा झटकून, सावलीत उलटा टांगून ठेवायचा. चार-सहा दिवसांत पाला कुरकुरीत वाळतो आणि पुढे हाच पाला गव्हा-तांदळाच्या डब्यांत जातो. साखरेची गाठीही मुंग्यांना सोडू नका. मुलांनी खाऊन उरलेली गाठी खलबत्त्यात कुटून बरणीत भरा. दुधात, लिंबाच्या सरबतात ती साखरेच्या जागी चालते.

आमचं साताऱ्यातलं चौघांचं घर. काटकसर म्हणजे महिनाअखेरीला हात आखडणं, असं बरेचजण धरून चालतात. मला ते पटत नाही. पावसाळा लागायच्या आत घरात काय वाळवलं, काय भरलं, यावर वर्षाचा निम्मा हिशेब ठरतो. चैत्र-वैशाखात ऊन फुकट आहे आणि कैरी स्वस्त आहे. या दोन गोष्टी हाताशी असताना स्वयंपाकघर कसं चालवायचं, ते सांगते.

आधी कैरी. बाजारात एकच ढीग दिसला तरी कामाप्रमाणे कैरी निवडायची. कोय न धरलेली कोवळी कैरी तक्कूला (किसलेल्या कैरीचा लोणच्यासारखा प्रकार) आणि तोंडीलावण्याला. तिची साल काढूच नये. डाळीला घट्ट, आंबट कैरी. पन्ह्याला जरा मोठी, गर भरलेली. घरी आणल्यावर देठ कापून अर्धा तास पाण्यात ठेवा म्हणजे चीक निघून जातो. नाहीतर तो घशाला खवखवतो आणि हातालाही लागतो.

पन्ह्यासाठी वेगळा गॅस जाळू नका. रोजचा कुकर लावताना भाताच्या भांड्यावर एका डब्यात दोन कैऱ्या ठेवा. डाळ-भाताच्या शिट्ट्यांत त्याही शिजतात. हाताला सोसतील इतक्या निवल्या की साल काढून गर कुस्करा, कोयीला चिकटलेला गर चमच्यानं खरवडून घ्या. एक वाटी गराला दीड वाटी चिरलेला गूळ, पाव चमचा मीठ, वेलदोड्याची पूड. हे सगळं गरम असतानाच एकजीव केलं तर गूळ लवकर विरघळतो. गर गाळून काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला की आठवडाभर टिकतो. पेलाभर गार पाण्यात दोन-तीन चमचे घातले की पन्हं तयार. उन्हातून आलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं काय देणार? बाटलीतल्या रंगीत सरबतापेक्षा हे स्वस्त पडतं आणि गुळाबरोबर मीठही पोटात जातं. गूळ घेताना पिवळाधमक घेऊ नका, काळपट घ्या. आमच्याकडची गुऱ्हाळं उन्हाळ्यात बंद होतात, म्हणून ढेप मी त्याच सुमाराला घेते.

चैत्रगौर चैत्र शुद्ध तृतीयेला बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत असते. त्या महिन्यात हळदीकुंकवाला कैरीची डाळ हवीच, पण ती सणापुरती का ठेवायची? भाजी महाग असेल त्या दिवशी पोळीबरोबर ही डाळ भाजीची जागा घेते. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवा. चाळणीत अर्धा तास निथळू द्या. ही पायरी गाळली तर डाळ वाटताना चिकट होते. तीन हिरव्या मिरच्या घालून भरड वाटा. मिक्सर सलग फिरवू नका, थांबून थांबून दोन-तीन झटके द्या. दाणा बोटांना लागला पाहिजे, पण अख्खी डाळ राहता कामा नये. अर्धी वाटी किसलेली कैरी, मीठ, चमचाभर साखर, कोथिंबीर, असेल तर ओलं खोबरं. वरून तेलाची फोडणी: मोहरी, हिंग जरा सढळ, हळद, दोन सुक्या मिरच्या. फोडणी पूर्ण गार करून मगच डाळीवर ओता. गरम ओतली तर कोथिंबीर काळवंडते आणि कच्च्या डाळीचा ताजेपणा जातो. कैरी आंबट निघाली तर निम्मीच घाला, चव घेऊन वाढवा.

मेथांबा त्याहून सोपा. तेलात मोहरी, पाव चमचा मेथी लालसर, हिंग, हळद. त्यावर कैरीच्या फोडी परतून, झाकण ठेवून मऊ करा. मग तिखट, मीठ आणि फोडींच्या निम्म्याहून जास्त गूळ. गूळ आधी घातला तर फोडी शिजत नाहीत, कडकच राहतात. डब्याला भाजी कमी पडली की दोन चमचे मेथांब्यावर पोळ्या संपतात.

आणि आता आंबोशी, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कैरीच्या फाका. माझ्या मते या दिवसांतलं सगळ्यात फायद्याचं काम हेच. वैशाखात वळवाचा पाऊस झाला, वारं सुटलं की दुसऱ्या दिवशी बाजारात पडलेल्या कैऱ्या येतात. मार लागलेला असतो, म्हणून भाव उतरलेला. त्या त्याच दिवशी चिरायला हव्यात, एवढीच अट. डागाळलेला भाग काढून टाका, साल काढा, बोटाएवढ्या लांब फाका करा. किलोभर फाकांना दोन मोठे चमचे मीठ आणि थोडी हळद चोळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी पाणी सुटलेलं असतं. ते ओतू नका, त्या दिवशीच्या आमटीत घाला आणि आमटीत मीठ बेतानं टाका. फाका सुती कापडावर, एकीला दुसरी न लागेल अशा पसरून कडक उन्हात वाळवा. रोज संध्याकाळी आत घ्या. रात्रीचं दव लागलं की बुरशी धरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक फाक मोडून बघा. वाकली तर अजून ऊन हवं, कटकन मोडली तर झाली. किलोभर कैऱ्यांची जेमतेम दोन-तीन ओंजळी आंबोशी होते, पण चौघांच्या आमटीला तीन फाका पुरतात. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याच्या उसळीत तर चिंचेपेक्षा आंबोशीच चांगली लागते. घेवडा पूर्ण शिजल्यावर घाला, आधी नको, नाहीतर दाणा टणक राहतो. कुटून चाळली की आमचूर.

कैरीच्या गरासकट राहिलेल्या कोयीही आमटीत उकळायला टाकाव्यात. माझ्या सासूबाई कोय ताटात आली की ती चोखायचा मान धाकट्या नातवाला द्यायच्या.

पालेभाज्या या दिवसांत निबर आणि महाग होतात. त्यांच्यामागे धावू नका. शेवग्याच्या शेंगा, कडधान्यं, पिठलं, कढी यांवर आठवडा छान निघतो. मोड थंडीत दोन दिवस घेतात, उन्हाळ्यात मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधली की संध्याकाळपर्यंत मोड दिसतात. जास्त वेळ ठेवली तर बुळबुळीत होऊन वास येतो, म्हणून मोड टोकाएवढे असतानाच उसळ करा. दह्याचंही तसंच. दुपारी विरजण लावलं की चार-पाच तासांत लागतं; मग लगेच फ्रिजमध्ये. आंबलं तर त्याची कढी, जरा बेसन जास्त लावून.

कलिंगडाची साल कचऱ्यात टाकणं मला बघवत नाही. वरची हिरवी कातडी सोलून काढली की आतला पांढरा भाग दुधीसारखा शिजतो. बारीक फोडी, भिजवलेली मूगडाळ, जिरं-मिरचीची फोडणी: झाली भाजी. किसून थालीपिठाच्या पिठात घातला तर पाणी लागतच नाही, किसाच्याच पाण्यात पीठ भिजतं.

पिण्याच्या पाण्याला माठ आणा. नवा माठ एक दिवस पाण्यानं भरून ठेवा, ते पाणी झाडांना घाला. आतून साबण लावायचा नाही. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, वाऱ्यानं त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार होतं. म्हणून माठ कोपऱ्यात नको, खिडकीच्या वाऱ्यात हवा. बाहेरून रंगवलेला माठ दिसायला छान, पण रंगानं छिद्रं बुजतात. काही आठवड्यांनी गारवा कमी वाटला तर बाहेरून काथ्यानं घासा, क्षारांचा पांढरा थर निघतो. वाळ्याची जुडी टाकली तर पाण्याला वास छान येतो.

धान्याचं थोडक्यात सांगते. गव्हाला दोन दिवस कडक ऊन द्या, पण गरम गहू डब्यात भरू नका. रात्रभर घरात पसरून गार होऊ द्या, नाहीतर आत घाम धरून कीड लागते. तांदूळ मात्र उन्हात घालू नका, दाणा तडकतो आणि भाताची कणी होते; त्याला सावलीतला वारा पुरे. दोन्हीत गुढीच्या डहाळ्याचा वाळलेला पाला थरांमध्ये घाला. तूरडाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा, शिजवण्याआधी नीट धुवा. तांदळाला बोरिक पावडर मी लावत नाही, पोटात जाणाऱ्या धान्यात ती नकोच. तिखट भरताना बरणीत तळाला आणि वर हिंगाचे खडे ठेवा.

राहिल्या कुरडया. खूप माणसं लागतात या भीतीनं अनेकींनी त्या सोडल्या आहेत, पण किलोभर गव्हाच्या दोघींनी सहज होतात. गहू तीन दिवस भिजवा आणि पाणी रोज बदला, एक दिवसही चुकवू नका. चौथ्या दिवशी वाटून, पाण्यात कालवून, फडक्यातून चीक गाळून घ्या. चोथा राहतो त्यात तिखट, मीठ, जिरं, तीळ घालून छोट्या वड्या थापा आणि वाळवा; तळल्यावर त्या कुरडयांआधी संपतात. चीक रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वरचं पिवळट पाणी हलक्या हातानं ओतून टाका, तळाला पांढराशुभ्र, घट्ट चीक मिळेल. तो वाटीनं मोजा. तेवढंच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळा, मीठ आणि हिंग घाला. एकीनं चीक धारेनं ओतायचा, दुसरीनं लाकडी उलथन्यानं एकसारखं हलवायचं. थांबलात की गाठी झाल्याच. मग झाकण ठेवून मंद आचेवर वाफ द्या. पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा चकाकला आणि ओलं बोट लावल्यावर चिकटला नाही, की शिजला. वाटीभर गरम चीक मुलांसाठी दूध-साखर घालून बाजूला काढा. बाकीचा गरम असतानाच सोऱ्यात भरून प्लॅस्टिकच्या कागदावर कुरडया घाला. सकाळी आठच्या आत काम उरकलं पाहिजे, म्हणजे दिवसाचं सगळं ऊन मिळतं. दुसऱ्या दिवशी उलटा आणि पुन्हा ऊन द्या. डब्यात भरण्याआधी एक तळून बघा: तेलात पडताच दुपटीनं फुलली आणि मधे कच्ची राहिली नाही तर भरा. मधे टणक लागली तर अजून एक दिवस गच्चीवर.