मोशन सिम्युलेटरसाठी मोटर आणि कंट्रोलर घेताय? या चुका टाळा

घरी रेसिंग सिम्युलेटर, म्हणजे संगणकावरच्या गाडीच्या खेळाबरोबर हलणारी सीट, बांधायला घेतलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो बहुतेक वेळा हाच: "किती वॉटची मोटर घेऊ?" याचं उत्तर देता येत नाही, कारण त्याआधीचे दोन प्रश्न राहून गेलेले असतात. सीट किती वेगाने हलायला हवी? आणि मोटरच्या वाट्याला नेमकं किती वजन येणार? ही उत्तरं नसताना घेतलेली मोटर शेवटी माळ्यावर जाते. पैसे वाया जातात ते एकवेळ सोसता येतं. पण कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती आणि कुठल्या दिशेने वीज द्यायची ते सांभाळणारा बोर्ड, चुकला तर तो जळताना पुष्कळदा आतून शॉर्ट होतो आणि मोटरला पूर्ण व्होल्टेज देत राहतो. त्या क्षणी सीटवर माणूस बसलेला असतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

डोळ्यांसमोर सगळ्यात साधी रचना ठेवा: मधोमध गाडीच्या प्रॉपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट (सगळ्या बाजूंना झुकणारा सांधा), त्यावर सीट, आणि मागे दोन मोटर्स. प्रत्येक मोटरच्या शाफ्टवर छोटा दांडा, दांड्यापासून रॉड-एन्ड (टोकाला बसणारा फिरता सांधा) लावलेली सळई सीटच्या फ्रेमला.

वजन बघितलं, वेग बघितला नाही

हॉस्पिटलच्या खाटेत किंवा रिक्लायनर सोफ्यात असतात ते लिनिअर अॅक्च्युएटर (सरळ रेषेत दांडा आत-बाहेर करणाऱ्या मोटर्स) अनेकांना मोह घालतात. दिसायला नेटके, बसवायला सोपे, आणि लेबलवर १०० किलो किंवा १५० किलो छापलेलं. त्याच लेबलवर वेगही असतो, पण तो कोणी वाचत नाही. सेकंदाला १० मिलिमीटर हा यांचा नेहमीचा वेग. म्हणजे ७ सेंटिमीटर जायला ७ सेकंद. गाडीचा ब्रेक दाबल्यावर नाक खाली जातं ते अर्ध्या सेकंदाच्या आत. तुमची सीट झुकेपर्यंत तुम्ही पुढचं वळण पार केलेलं असेल.

आता गाडीच्या काचेची वायपर मोटर घ्या. कमी वेगाच्या जोडणीवर ती मिनिटाला साधारण ४५ फेरे देते. ५ सेंटिमीटरचा दांडा ४५ अंश वर आणि ४५ अंश खाली फिरवला की सळई ७ सेंटिमीटर हलते, आणि त्याला सेकंदाचा एक तृतीयांश भाग लागतो. ताकद कमी, पण अंगाला कळतं. शरीराला किती अंतर सरकलो हे फारसं कळत नाही, हालचाल सुरू झाली तो धक्का मात्र लगेच कळतो. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठी प्रशिक्षण यंत्र केलं ते घरच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून. त्यात प्रचंड ताकद नव्हती, हालचाल मात्र वेळेवर व्हायची.

म्हणून कागदावर आधी लिहा: दांड्याची लांबी, किती अंशांतून फिरणार, आणि किती वेळात. त्यावरून फेरे निघतात. वॉट त्यानंतर.

सगळं वजन मोटरवर लादणं

माणूस, सीट, पेडल, स्टिअरिंग मिळून १२० किलो धरा. मधला युनिव्हर्सल जॉइंटचा सांधा बरोबर गुरुत्वमध्याखाली असेल तर मोटरला स्थिर वजन जवळजवळ उचलावंच लागत नाही. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर सरकलेला असेल आणि मोटरची सळई सांध्यापासून ५० सेंटिमीटरवर असेल, तर दोन्ही मोटर्सवर मिळून २४ किलो येतं, प्रत्येकीवर १२ किलो. दांडा ५ सेंटिमीटरचा असेल तर हे सुमारे ६ न्यूटन-मीटर (पिळाच्या ताकदीचं माप). गुरुत्वमध्य २० सेंटिमीटर सरकला की थेट दुप्पट, आणि हे नुसतं धरून ठेवायला. हलवायला, थांबवायला, उलटं फिरवायला याच्या दोन-तीन पट हाताशी हवं.

फ्रेममध्ये सांधा पुढे-मागे सरकवता येईल अशी लांबट भोकं वेल्डरकडून आधीच करून घ्या. या एका गोष्टीने जे साधतं ते दुप्पट महागाच्या मोटरने साधत नाही. घरातल्या वेगवेगळ्या वजनाची माणसं बसणार असतील तर मागच्या बाजूला एखादी स्प्रिंगही लावा.

वायपर मोटरची बॉडी

जुन्या बाजारातून किंवा भंगारातून आणलेल्या वायपर मोटर्सची ही खोड माहीत नसेल तर पहिल्याच दिवशी धूर निघतो. अनेक वायपर मोटर्समध्ये एक ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा) थेट बॉडीला जोडलेला असतो, कारण गाडीत बॉडी म्हणजेच अर्थिंग. आपण मात्र मोटर दोन्ही दिशांना फिरवणार, त्यामुळे ती बॉडी कधी निगेटिव्ह तर कधी पॉझिटिव्ह होते. अशा दोन मोटर्स एकाच लोखंडी फ्रेमवर बोल्ट केल्या आणि एक उजवीकडे, एक डावीकडे फिरली की फ्रेममधूनच शॉर्ट. मल्टिमीटरने प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी बघा. बीप आला तर मोटर उघडून ती जोडणी तोडून वेगळी वायर बाहेर काढा, किंवा ती मोटर घेऊच नका.

दुसरी गोष्ट ब्रशची. दोन वेगांच्या वायपर मोटरला तीन ब्रश असतात. समोरासमोरचे दोन कमी वेगाचे, तिसरा तिरका बसवलेला जास्त वेगाचा. तिसऱ्याचा वेग बघून त्यावर जोडणी केली तर एका दिशेला मोटर जोरात आणि दुसऱ्या दिशेला ढिली चालते, ठिणग्या उडतात, ब्रश झिजतो. समोरासमोरचे दोनच वापरा. वेग कमी वाटला तर जड ट्रक-बसची २४ व्होल्टची वायपर मोटर शोधा, किंवा गिअरबॉक्सवाली २४ व्होल्टची व्हीलचेअर मोटर.

वायपर मोटरमधला वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक) सहसा बाहेरच्या वजनाने उलटा फिरत नाही, म्हणजे वीज गेली तरी सीट कोसळत नाही. त्याची किंमत अशी की असा अडणारा वर्म गिअर आत गेलेल्या ताकदीतला निम्म्याहून जास्त भाग घर्षणातच खातो. वॉटचा हिशेब करताना हे धरा.

कंट्रोलरवर छापलेले अँपिअर

बीटीएस ७९६० चिपचे लाल-निळे बोर्ड '४३ अँपिअर' म्हणून विकले जातात. तो आकडा चिपच्या आतल्या करंट-मर्यादेचा आहे, तासभर सुखाने वाहणाऱ्या करंटचा नाही. मॉन्स्टर मोटो बोर्डवरच्या व्हीएनएच २ एसपी ३० चिपला ३० अँपिअर म्हणतात, पण पंखा किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसेल तर सलग १४ अँपिअर एवढाच व्यवहारातला आकडा आहे. शिवाय तो बोर्ड १६ व्होल्टपर्यंतचा. २४ व्होल्टच्या मोटरला तो लावायचाच नाही.

मोटरला किती करंट लागतो हे लेबलवरून ठरवू नका. मोटर अडली की करंट म्हणजे व्होल्टेज भागिले मोटरच्या आतल्या गुंडाळीचा (वाइंडिंगचा) रेझिस्टन्स. अर्धा ओहम असेल तर १२ व्होल्टवर २४ अँपिअर, २४ व्होल्टवर ४८. आणि सिम्युलेटरमध्ये याहून वाईट प्रसंग रोज येतो: मोटर पूर्ण वेगात असताना तिला उलटं फिरायला सांगितलं जातं. तेव्हा मोटरचं स्वतःचं व्होल्टेजही पुरवठ्याच्या बाजूने लागतं आणि करंट क्षणभर अडलेल्या मोटरच्या दुपटीजवळ जातो. रस्त्यावर धावणाऱ्या खेळण्याला जो कंट्रोलर पुरतो तो इथे का मरतो, ते यात आहे.

मोजायचं असेल तर दांडा घट्ट अडकवून एक सेकंदच पुरवठा द्या आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावा. फक्त एसी मोजणारा क्लॅम्प इथे शून्य दाखवेल. जो आकडा येईल तो कंट्रोलरच्या सलग क्षमतेत बसायला हवा. सेबरटूथ २ बाय ३२ सारखा कंट्रोलर महाग वाटतो, पण ३२ अँपिअर सलग आणि ६४ क्षणिक अशी क्षमता त्याला आहे. तीन स्वस्त बोर्ड जाळण्यापेक्षा मी तोच घेईन.

एसएमपीएस मध्येच बंद पडतो

ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची. जोरात ब्रेक लागला की पुरवठाच जातो, आणि माणूस त्याहून मोठा एसएमपीएस (घरच्या विजेपासून १२ किंवा २४ व्होल्ट डीसी देणारा डबा) आणतो. तोही पडतो. कारण थांबताना मोटर जनरेटर होते आणि वीज उलटी ढकलते. एसएमपीएसला ती परत घेता येत नाही, व्होल्टेज चढतं, आणि त्याचं संरक्षण त्याला बंद करतं. बॅटरी मात्र ती वीज गिळते. म्हणून एसएमपीएसच्या जोडीला समांतर बॅटरी लावा, टर्मिनलजवळच फ्यूजसह. किंवा व्होल्टेज चढल्यावर मोठ्या रेझिस्टरमध्ये वीज जाळणारं सर्किट लावा. कंट्रोलरपर्यंतच्या वायरी आखूड आणि जाड ठेवा.

एसी सर्व्हो घेणार असाल तर

७५० वॉट, २.४ न्यूटन-मीटर, मिनिटाला ३००० फेऱ्यांची सर्व्हो (आपली जागा स्वतः मोजत फिरणारी मोटर) आणि ५ मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका फेऱ्याला ५ मिलिमीटर पुढे जाणारा, बॉलस्क्रू (गोळ्यांवर सरकणारा स्क्रू) ही जोडी सेकंदाला २५ सेंटिमीटर वेग आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास रेटा देते. चार कोपऱ्यांना चार लावून आख्खी रिग (सीट, पेडल, स्टिअरिंगसह सगळी चौकट) उचलतात. पिच १० केला तर वेग दुप्पट, रेटा निम्मा. पण बॉलस्क्रू वर्मसारखा अडत नाही. वीज गेली की रिग खाली येते, तेव्हा खाली रबरी थांबे हवेतच. सर्व्होचे कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह, २३० व्होल्टवर चालतात, त्यामुळे अर्थिंग पक्कं हवं. त्यांच्या फिल्टरमधून गळणाऱ्या करंटमुळे घरचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडू शकतो. म्हणून तो काढून टाकायचा नाही, वेगळी लाइन इलेक्ट्रिशियनकडून घालून घ्यायची. बंद केल्यावरही ड्राइव्हमध्ये चार्ज उरतो. दिवा विझेपर्यंत हात लावू नका.

चालू झालं, पण नीट चालत नाही

पहिल्यांदा चालू करताना दांड्यापासून सळई काढलेलीच असू दे. मोटरची आणि पोटेन्शिओमीटरची (दांडा किती फिरला ते कंट्रोलरला सांगणारा भाग) दिशा एकमेकांविरुद्ध असेल तर दांडा जागेवर येण्याऐवजी जोरात टोकाला जातो. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली की सुटतं.

सीट स्थिर असताना थरथरते? सॉफ्टवेअरमधला पी (चुकलेली जागा किती जोराने सुधारायची तो आकडा) कमी करा, मग गिअर आणि रॉड-एन्डमधला प्ले (ढिलेपणा) तपासा, बहुतेक वेळा दोष तिथे असतो. पोटेन्शिओमीटर गिअरच्या बाहेरच्या शाफ्टवरच असावा, लिनिअर असावा, आवाजाच्या बटणाचा लॉग प्रकारातला नको. मध्येच एक झटका येतो? पोटेन्शिओमीटरची वायर हलवून बघा. मोटर फिरली की आर्डुइनो (संगणकाचे हुकूम कंट्रोलरला पोचवणारा छोटा बोर्ड) संगणकापासून तुटतो? त्याची वायर मोटरच्या वायरींपासून लांब न्या, आणि सिग्नलला शील्डची (वरून धातूची जाळी असलेली) वायर वापरून शील्ड एकाच टोकाला अर्थिंगला जोडा.

थांबवण्याचं लाल बटण मोटरचा पुरवठा तोडणारं हवं, आर्डुइनोचा नाही, आणि त्यातला रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच) डीसीसाठी बनवलेला हवा. एसीच्या रिलेचे कॉन्टॅक्ट डीसी करंटने चिकटून बसतात.

माणूस बसवण्याआधी सीटवर तांदळाचं पोतं बांधा आणि एक तास आख्खी शर्यत चालवा. दर दहा मिनिटांनी बटण दाबून पुरवठा तोडा आणि मोटरवर, मग हीटसिंकवर हात ठेवा. हात ठेवता येत नसेल तर तिथेच थांबा, दांडा एक सेंटिमीटरने आखूड करा आणि पोतं तसंच ठेवून पुन्हा सुरुवात करा.