जुन्या लॅपटॉपमधील पीसी कार्ड स्लॉट डेबियन १२ वर कसा चालू करावा

साधारण १९९५ ते २००८ या काळातील अनेक लॅपटॉपच्या कडेला एक चपटा स्लॉट असतो आणि त्यात बहुधा प्लास्टिकचे खोटे कार्ड बसवलेले असते. यूएसबी २.०, वायफाय, सीरियल पोर्ट किंवा कॉम्पॅक्टफ्लॅश यांपैकी जे त्या लॅपटॉपमध्ये नाही ते या स्लॉटातून मिळू शकते. मात्र लिनक्सवर (डेबियन ही त्याचीच एक वितरण-प्रणाली) हा स्लॉट चालू करण्याचे दोन निराळे मार्ग आहेत आणि कोणता घ्यायचा हे लॅपटॉपवर नव्हे, तर हाती असलेल्या कार्डावर ठरते. पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत द्याव्यात.

म्हणून आधी कार्ड नीट पाहावे. ६८ पिनांच्या जोडणीजवळ बारीक उंचवटे असलेली सोनेरी धातूची पट्टी असेल, तर ते ३२ बिटांचे कार्डबस कार्ड होय. ती पट्टी नसेल, तर बहुतेक वेळा ते १६ बिटांचे जुने पीसीएमसीआयए कार्ड असते. कार्डबस स्लॉटात दोन्ही चालतात, परंतु केवळ १६ बिटांच्या स्लॉटात कार्डबस कार्ड पूर्ण आत जात नाही, कारण कडेची खाच मुद्दाम निराळी ठेवलेली आहे. तेथे जोर लावल्यास स्लॉटातील पिना वाकतात आणि त्या पुन्हा सरळ करणे जवळजवळ अशक्य असते. २००३ नंतर आलेले एक्स्प्रेसकार्ड हे तर वेगळेच प्रकरण आहे: त्याला २६ जोडण्या असतात आणि ते या स्लॉटात चालत नाही. सुट्ट्या, खोका नसलेल्या जुन्या कार्डांच्या ढिगातून खरेदी करताना एवढी पारख पुरते.

डेबियन १२ सुचवण्यामागे कारण आहे. ३२ बिटांच्या प्रोसेसरसाठी स्वतंत्र संस्थापक (इन्स्टॉलर) असलेली ही शेवटची आवृत्ती आहे. शिवाय तिच्यातील कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ६.१ आहे, तर त्यानंतरच्या कर्नेलांमधून १६ बिटांच्या वायफाय कार्डांचे कित्येक जुने ड्रायव्हर काढून टाकण्यात आले आहेत. संस्थापनापूर्वी बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, डोकावावे. काही तोशिबा लॅपटॉपवर पीसी कार्ड नियंत्रकाची पद्धत निवडता येते. तेथे ‘पीसीआयसी कम्पॅटिबल’ न ठेवता ‘कार्डबस/१६-बिट’ ठेवावे.

प्रणाली सुरू झाल्यावर ‘एलएसपीसीआय -के’ ही आज्ञा द्यावी. यादीत ‘कार्डबस ब्रिज’ (स्लॉटाला यंत्राशी जोडणारी चिप) अशी ओळ दिसली पाहिजे, तिच्यापुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, रिको किंवा ओटूमायक्रो असे नाव असते, आणि खाली वापरात असलेला ड्रायव्हर म्हणून ‘येंटा_कार्डबस’ लिहिलेले असते. तो नसल्यास ‘मॉडप्रोब येंटा_सॉकेट’ (modprobe yenta_socket) असे द्यावे. ब्रिजच दिसत नसेल, तर पुढच्या कोणत्याही फाइलीत फेरबदल करणे व्यर्थ आहे. दोष बायोसमध्ये किंवा बोर्डावर शोधावा.

कार्डबस कार्डाचे काम येथून सोपे आहे, कारण असे कार्ड प्रणालीच्या दृष्टीने साधे पीसीआय उपकरण (बोर्डावरील अंतर्गत जोडणीचे उपकरण) असते. कार्ड आत सरकवून पुन्हा ‘एलएसपीसीआय’ दिल्यास नवी ओळ उमटते आणि यूएसबी कार्ड असेल तर ते तत्काळ चालू होते. ओळ उमटली नाही, तर ‘डीमेसेज’ (dmesg, कर्नेलच्या संदेशांची नोंद) वाचावे: बस क्रमांक ब्रिजच्या आड दडल्याची तक्रार तेथे असल्यास कर्नेलला ‘पीसीआय=असाइन-बसेस’ (pci=assign-busses) हा पर्याय द्यावा लागतो. तो ग्रबच्या (प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग फाइलीत लिहून ‘अपडेट-ग्रब’ चालवावे.

१६ बिटांचे कार्ड मात्र ‘एलएसपीसीआय’मध्ये कधीच दिसत नाही, आणि ‘कार्ड मेले आहे’ असा चुकीचा निष्कर्ष अनेकदा याच ठिकाणी काढला जातो. त्यासाठी ‘पीसीएमसीआयएयूटिल्स’ हे पॅकेज बसवून ‘पीसीकार्डसीटीएल आयडेंट’ अशी आज्ञा द्यावी. कार्डाच्या पोटातील माहिती वाचली गेली, तर उत्पादकाचे नाव व क्रमांक दिसतात. कार्ड आत असूनही माहिती उपलब्ध नाही असे उत्तर आले, तर स्मृतीची खिडकी (कार्ड वाचण्यासाठी राखलेला स्मृतीचा पट्टा) चुकीच्या जागी उघडत असण्याचा संभव मोठा असतो. ‘ईटीसी’मधील ‘पीसीएमसीआयए’ फोल्डरात ‘कॉन्फिग.ऑप्ट्स’ ही फाइल आहे. तिच्यात कोणते पोर्ट आणि स्मृतीचे कोणते पट्टे कार्डाला वापरू द्यायचे हे ‘इन्क्लूड’ने आणि कोणते टाळायचे हे ‘एक्सक्लूड’ने लिहितात. संस्थापनाच्या वेळीच यंत्र गोठत असेल, तरी बहुधा हेच कारण असते. काही डेल लॅपटॉपसाठी ‘एक्सक्लूड पोर्ट ०एक्स८००-०एक्स८एफएफ’ ही ओळ सुचवली जाते, कारण तो पट्टा चाचपताच ते यंत्र थिजते. एका वेळी एकच ओळ बदलावी आणि यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे. चार ओळी एकदम बदलल्यास गुण कशाने आला ते कळत नाही. या फाइलीचा कार्डबस कार्डाशी संबंध नाही, त्यामुळे यूएसबी कार्डासाठी तिच्यात वेळ घालवू नये.

विजेचाही हिशेब ठेवावा. यूएसबी कार्डाला स्लॉटातून मिळणारी वीज मर्यादित असते, म्हणून पेनड्राइव्ह चालतो पण हार्डडिस्क फिरू लागत नाही. अशा कार्डाच्या कडेला पुष्कळदा वीजपुरवठ्याचे एक बारीक छिद्र असते, त्याला योग्य व्होल्टेजचा अडॅप्टर जोडावा. कॉम्पॅक्टफ्लॅशचा अडॅप्टर स्वस्त असतो आणि १६ बिटांच्या मार्गाने चालतो, परंतु ते कार्ड काढण्यापूर्वी आधी ‘यूमाउंट’ (umount) आणि मग ‘पीसीकार्डसीटीएल इजेक्ट’ या दोन्ही आज्ञा द्याव्यात. स्लॉटाशेजारचे बटण त्यानंतरच दाबावे.