साठवलेल्या सीरमवरून शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा अभ्यास
जैविक नमुने साठवणाऱ्या पेढीतील सीरमचा (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा) नमुना मागवण्याआधी रुग्णाच्या संमतीपत्रात पुढील संशोधनाची मुभा आहे का, हे पाहावे आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी. उणे 80 अंशांवरची कुपी बर्फावर सावकाश वितळवावी, वितळताना थरांत विभागलेली प्रथिने एकजीव होण्यासाठी ती हलकेच उलटसुलट करावी आणि उरलेले सीरम छोट्या कुप्यांत वाटून ठेवावे. आयजीई ही अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंडे तशी चिवट असली, तरी पुन्हापुन्हा गोठवणे-वितळवणे टाळलेलेच बरे. मग शेंगदाण्याच्या अख्ख्या अर्काबरोबरच शेंगदाण्यातल्या अरा एच 2 या प्रथिनाविरुद्धचे आयजीईही मोजावे. मात्र प्रतिलिटर 0.35 किलोयुनिटांपुढचा आकडा केवळ शरीरात शेंगदाण्याविरुद्ध आयजीई तयार झाल्याचे (संवेदीकरण) दाखवतो, अ‍ॅलर्जी असल्याचे नव्हे. नोंदीत शेंगदाणे खाल्ल्यानंतरची लक्षणे किंवा देखरेखीखाली खाऊ घालून केलेल्या चाचणीचा निकाल नसेल, तर तो नमुना अ‍ॅलर्जीच्या गटात धरू नये.