मुघल वास्तूंची जुनी छायाचित्रे वाचताना या चुका टाळा

ताजमहालाच्या जुन्या छायाचित्रात आभाळ कोरे पांढरे दिसले की त्या दिवशी मळभ असावे, असा अंदाज बांधला जातो आणि तो बहुधा चुकतो. त्या काळची रसायने निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत, त्यामुळे इमारतीचे बारकावे उमटेपर्यंत आभाळाचा भाग निगेटिव्हवर पुरता काळा होऊन जाई. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉ. जॉन मरे यांनी १८५०च्या दशकात आग्रा परिसरातील वास्तू मेण दिलेल्या कागदाच्या भल्यामोठ्या निगेटिव्हवर टिपल्या. आभाळ डागाळलेले छापले जाऊ नये म्हणून त्यांच्या निगेटिव्हवर आभाळाच्या जागी काळा रंग भरलेला आढळतो. घुमटाची कड कात्रीने कापल्यासारखी वाटली, तर तिथे भिंगाखाली कुंचल्याची रेघ शोधावी.

रंगांची फसगतही याच कारणाने होते. लाल वालुकाश्म प्रत्यक्षापेक्षा बराच गडद उतरतो, आणि त्यावरून दगड तेव्हाच काळवंडला होता असे अनुमान कुणी दुरुस्तीच्या अहवालात घातले, तर पुढचे सगळेच बिघडते. ओस पडलेल्या अंगणाचेही तसेच. प्रकाश मिनिटे-मिनिटे द्यावा लागत असल्यामुळे चालती माणसे उमटतच नसत. ताजच्या बागेतली दाट झाडी मात्र खरी आहे. आजची मोकळी हिरवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फेररचनेतून आली, हे विसरू नये.

चित्र उलटे स्कॅन होणे ही चूक ताजच्या बाबतीत सर्वांत उशिरा लक्षात येते. कागदी निगेटिव्ह दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते, आणि इमारतही डावी-उजवीकडे सारखीच. दक्षिणेच्या दरवाजातून पाहताना मशीद डावीकडे असते खरी, पण उजवीकडचा जवाब, म्हणजे मशिदीला जोड म्हणून बांधलेली इमारत, बाहेरून तिच्यासारखाच असल्याने त्याचा उपयोग नाही, मिनारांचा तर नाहीच. मुख्य कमानीभोवतीच्या पट्टीतील अरबी अक्षरे मोठी करून पाहावीत. ती आरशातल्यासारखी उलटी दिसली, तर स्कॅनची डावी-उजवी बाजू पलटावी. अक्षरे लागत नसतील, तर सूचीत ‘दिशा अनिश्चित’ एवढेच नोंदवावे.

कालनिर्णय करताना पिवळेपणावर विसंबू नये. चकचकीत पृष्ठभाग आणि त्यावर बारीक भेगा असतील, तर ती बहुधा अंड्यातील पांढऱ्या भागाचा थर दिलेली प्रत असते; चित्र कागदाच्या धाग्यांतच मुरलेले आणि निस्तेज असेल, तर मिठाच्या, म्हणजे मिठाचे पाणी दिलेल्या, कागदावरची. छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये भारतात आले, पण त्यांच्या काचेच्या निगेटिव्हवरून प्रती पुढे कित्येक वर्षे विकल्या जात राहिल्या. चित्राच्या कडेला दिसणारा क्रमांक निगेटिव्हचा असतो, म्हणून निगेटिव्हचे वर्ष आणि प्रतीचे वर्ष वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे.